कपाटं संस्थेची, कागद कुणाचे?

एखाद्या तालुक्याच्या गावातल्या इतिहास मंडळाचा शेड्यूल वनचा उतारा धर्मादाय कार्यालयातून काढून पाहा. जंगम मालमत्तेच्या रकान्यात लोखंडी कपाटं, टेबल, खुर्च्या, सतरंज्या आणि एखादा पंखा हमखास सापडेल. कपाटांत काय आहे, याबद्दल उतारा बहुधा गप्प असतो. मोडीतले रुमाल, वंशावळी, बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक, कुणाच्या तुरुंगातल्या डायऱ्या हे सगळं सरकारदप्तरी नसल्यात जमा असतं. संस्था काढली ती मात्र याच कागदांसाठी.

एरवी हे कुणाला खटकत नाही. संस्थापक गेले, देणगीदाराचा नातू दारात उभा राहिला किंवा कार्यकारिणीत दोन तट पडले, की सगळे वह्या शोधायला लागतात.

नातवाचंच घ्या. वाड्याची वाटणी होते, बिल्डर घाई करतो आणि माळ्यावरची ट्रंक रिक्षात घालून मंडळात आणली जाते. आवक वहीत ओळ पडते : ‘एक ट्रंक, जुनी कागदपत्रे.’ कागद किती, कसले, आणणाऱ्याची सही कुठे, याचा पत्ता नाही. ट्रंक कायमची दिली की जागा नाही म्हणून ठेवली, हेही लिहिलेलं नाही. पंचवीस वर्षांनी नातू म्हणतो, आजोबांनी सांभाळायला दिली होती, परत करा. चिटणीस म्हणतात, दान दिली होती. दोघंही मनापासून बोलतात आणि पुरावा कुणाकडेच नसतो.

कायदा इथे फारसा गुंतागुंतीचा नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३नुसार जंगम वस्तूचं दान नुसता ताबा देऊनही पूर्ण होतं, त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतोच असं नाही. पण सांभाळायला ठेवलेली वस्तू ठेवणाऱ्याचीच राहते आणि ठरल्याप्रमाणे परत करावी लागते. कपाटात दोन्ही ट्रंका सारख्याच दिसतात. फरक सांगतो तो एक पानी कागद : काय दिलं, कायमचं की काही मुदतीसाठी, घरातल्या इतर वाटेकऱ्यांची संमती आहे का, आणि छापायला किंवा स्कॅन करायला परवानगी कुणी द्यायची. शेवटचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. पत्राचा कागद संस्थेचा झाला म्हणून मजकुराचा कॉपीराइट संस्थेकडे येत नाही. तो लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या वारसांकडे राहतो, साधारणपणे लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत.

संस्थापकाचा प्रश्न याहून नाजूक. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. पुढे त्यांचे तिथे मतभेद झाले, ते धुळ्याला गेले आणि १९२६च्या अखेरीस तिथेच वारले. त्यांचं दप्तर सांभाळायला धुळ्यात त्यांच्या नावाचं मंडळ उभं राहिलं. दोन्ही मंडळं आजही आहेत. माणूस रुसला तरी कागद संस्थेत राहिले, हे आपलं नशीब. आजच्या संस्थापकाच्या मागे मुलं असतात, फ्लॅट असतो आणि संस्थेचं निम्मं दप्तर ‘वाचायला’ म्हणून त्या फ्लॅटमध्येच असतं. जुन्या बाजारात घेतलेली पोथी स्वतःच्या पैशांनी घेतली की संस्थेच्या, हे त्यांना पाठ असतं. त्यांच्या पश्चात ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून पदाधिकारी स्वतः संग्राहक असेल, तर त्याने आपल्या खासगी संग्रहाची यादी संस्थेला लेखी द्यावी. यात अविश्वास नाही. उद्या त्याच्याच मुलांवर चोरीचा आळ येऊ नये, याची ती तजवीज आहे.

तटांची गोष्ट तर घरोघरची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२नुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षं दिलेला नसतो. मग भांडण झालं की दोन अध्यक्ष, दोन शिक्के, बँकेत खातं गोठलेलं आणि कपाटाला दोन कुलपं. निकाल लागेपर्यंत आत कसर आपलं काम करत असते.

हाच कायदा जागेची काळजी घेतो, कागदांची तितकीशी घेत नाही. कलम ३६नुसार जमीन किंवा इमारत विकायला, बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, पण ते कलम स्थावर मालमत्तेपुरतं आहे. संस्थेची खोली विकणं अवघड, पण खोलीतलं दप्तर कार्यकारिणीच्या एका ठरावाने बाहेर जाऊ शकतं. ही फट संस्थेनेच आपल्या घटनेत बुजवायला हवी : संग्रहातली कोणतीही वस्तू सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय विकता, बदलता किंवा निर्लेखित करता येणार नाही. संस्था बंद पडलीच तर १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे शिल्लक मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, दुसऱ्या संस्थेकडे द्यावी लागते. ती कुठली, हे भांडण व्हायच्या आधी ठरवलेलं बरं.

‘दानपत्र मागितलं की लोक बिचकतात’, असं चिटणीस सांगतात. बिचकतात, कारण आपण फक्त सही मागतो. त्याच पानाची प्रत, यादी आणि दाखल क्रमांक हातात दिला की माणूस समाधानाने घरी जातो. ‘आमच्याकडे दोनच माणसं आहेत’, हेही खरं. तरी आजपासून येणारी प्रत्येक वस्तू दाखल नोंदवहीत घेऊनच आत यावी. जुन्यांपैकी ज्यांचे देणगीदार हयात आहेत त्यांना आधी गाठावं, कारण खरं काय ठरलं होतं हे सांगणारं माणूस तेवढंच उरलेलं असतं.

सध्या मात्र देणगी आली की पहिला ठराव स्कॅनरचा होतो. कागद कुणाचा हे न ठरवता केलेल्या स्कॅनमुळे एकाऐवजी दोन वाद तयार होतात : मूळ कागदाचा आणि कुणा उत्साही कार्यकर्त्याच्या घरी असलेल्या हार्ड डिस्कचा. तुम्ही अशा एखाद्या संस्थेला ट्रंक दिली असेल, तर दिली की ठेवली हे चार ओळींत लिहून याच महिन्यात कळवा. आणि कार्यकारिणीवर असाल, तर येत्या वार्षिक सभेत स्कॅनरचा विषय खाली ढकला आणि दाखल नोंदवही सभेपुढे ठेवा.