खांद्याचे दुखणे आणि अंशांचा न्याय

अमेरिकेतील माजी सैनिकाने सरकारी तपासणीत हात किती वर उचलला, यावर त्याची पुढील अनेक वर्षांची मासिक भरपाई ठरते. डॉक्टर कोनमापक लावून अंश मोजतात, तो आकडा अहवालात उतरतो आणि अहवालावरून अपंगत्वाची टक्केवारी निश्चित होते. निरोगी खांदा पुढे व बाजूला १८० अंशांपर्यंत वर जातो. हात खांद्याच्या रेषेपर्यंत, म्हणजे ९० अंशांपर्यंतच जात असेल, तर २० टक्के अपंगत्व मानले जाते. तो ४५ अंशांवरच अडत असेल, तर प्रमुख हाताला ३० टक्के व दुसऱ्या हाताला २० टक्के. २५ अंशांवर अडल्यास अनुक्रमे ४० व ३० टक्के. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा खांदा निकामी झाला तर त्याची रोजी-रोटी अधिक अडते, हा या भेदामागील विचार आहे. ३० टक्क्यांपासून पुढे पत्नी व मुलांसाठी वाढीव रक्कमही मिळत असल्याने एका टप्प्याचा फरक संपूर्ण कुटुंबाला जाणवतो.

तथापि, या गणिताआधी सैनिकाला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आज व्याधी आहे, सेवेत असताना दुखापत वा तत्सम घटना घडली होती आणि या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे. खांद्याच्या बाबतीत तिसरी अट सर्वांत अवघड ठरते. पाठीवरील जड ओझे, हवाई छत्रीने घेतलेल्या उड्या, वाहनावरून पडणे यांमुळे स्नायुबंध फाटतात, पण तरुण वयात सैनिक दुखणे अंगावर काढतो. वैद्यकीय केंद्रात जाऊन नोंद करून घेणे त्याला कमीपणाचे वाटते. पुढे चाळिशी-पन्नाशीत सांधा झिजल्यावर विभाग म्हणतो, की ही झीज वयाची आहे, सेवेची नव्हे. कागदावर नोंद नसल्याने सैनिकाच्या शब्दाला किती वजन द्यायचे, हाच वाद उरतो. समकालीन वैद्यकीय नोंद नाही, एवढ्याच कारणावरून सैनिकाचे म्हणणे फेटाळता येत नाही, असे वरिष्ठ न्यायालयाने २००६ मध्ये बुकॅनन खटल्यात स्पष्ट केले. जुन्या सैनिकांची अडचण आणखी वेगळी होती. जुलै १९७३ मध्ये सेंट लुई येथील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकी नोंदी जळून खाक झाल्या.

वेदनेचे मोजमाप

दुसरा वाद मोजमापाचा आहे. तपासणीच्या दिवशी हात ९५ अंशांपर्यंत गेला, म्हणून तो रोजच जातो असे नाही. वारंवार वापराने, थंडीत वा ओझे उचलल्यावर तोच हात ६० अंशांवर थांबतो. १९९५ च्या डेलुका खटल्यात न्यायालयाने या प्रश्नाला हात घातला. तो खटला खांद्याच्याच दुखापतीचा होता. हालचालीच्या अंशांपुरते न पाहता वेदना, थकवा आणि दुर्बलता यांमुळे प्रत्यक्ष कामात येणारी घटही विचारात घेतली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. २०११ मध्ये मिचेल खटल्यात याला मर्यादा घातली गेली. वेदना असणे पुरेसे नाही, त्या वेदनेने सांध्याचे कार्य खुंटते हे दिसले पाहिजे. २०१७ च्या शार्प निकालाने पुन्हा सैनिकाच्या बाजूने झुकाव दिला. दुखणे उफाळून आलेले नसताना तपासणी झाली म्हणून अंदाज देता येत नाही, ही सबब डॉक्टरांना केवळ तेवढ्यावर घेता येणार नाही, असे त्यात म्हटले गेले. दुसरीकडे, २०१३ च्या योनेक निकालाने एका खांद्याच्या पुढच्या आणि बाजूच्या हालचालीसाठी दोन स्वतंत्र टक्केवाऱ्या मिळणार नाहीत, हेही ठरवून टाकले.

अपिलांचा मार्ग

दावा फेटाळला गेला की अपील. १९८८ पर्यंत माजी सैनिकांना या निर्णयांविरुद्ध न्यायालयात जाण्याची वाट जवळपास बंदच होती. वकिलाला जास्तीत जास्त १० डॉलर घेता येत, ही १८६४ पासूनची मर्यादाही त्याच वर्षीच्या कायद्याने हटली आणि या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. २०१७ च्या सुधारणा कायद्याने, जो १९ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला, तीन वाटा मोकळ्या केल्या: नव्या पुराव्यासह पूरक दावा, नव्या पुराव्याविना वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, किंवा वॉशिंग्टन येथील अपील मंडळाकडे दाद. एका वर्षात पुढची पायरी गाठली, तर मूळ दाव्याची तारीख सामान्यतः टिकते आणि यश आल्यास मधल्या काळाची थकबाकीही मिळते. मुदत हुकली, तर ती वर्षे हातची जातात. खांद्याच्या दाव्यात बहुधा निर्णायक ठरतो तो खासगी अस्थिरोगतज्ज्ञाचा तर्कशुद्ध अभिप्राय. सैनिकाला मात्र तो पदरमोड करून मिळवावा लागतो.

संशयाचा फायदा कुणाला?

या सर्व व्यवस्थेचा कणा म्हणजे संशयाचा फायदा. दोन्ही बाजूंचा पुरावा साधारण समतोल असेल, तर निकाल सैनिकाच्या बाजूने द्यावा, असे कायदा सांगतो. पण हा समतोल होता की नव्हता, हे विभाग आणि मंडळच ठरवतात. ५ मार्च २०२५ रोजी बफकिन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निर्णय दिला, की या मूल्यमापनाकडे माजी सैनिक न्यायालयाने नव्याने पाहू नये. त्यात स्पष्ट चूक दिसली, तरच हस्तक्षेप करावा. न्यायमूर्ती जॅक्सन आणि गॉर्सच यांनी याला विरोध नोंदवला. तो खटला मानसिक आघाताच्या दाव्यांचा होता, पण त्याचे पडसाद खांदा, गुडघा, पाठ अशा सर्व दाव्यांवर पडतात. परिणामी मंडळापुढेच पुरावा भक्कम करणे आता अधिक गरजेचे झाले आहे.

भारतीय वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. सेवेशी संबंध आणि संशयाचा फायदा हीच तत्त्वे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात ठामपणे मांडली. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबईसह विविध पीठांपुढे हेच प्रश्न येत असतात.

प्रश्न अखेर विश्वासाचा आहे. सैनिकाला रणांगणावर पाठवताना राष्ट्र त्याच्या शब्दावर विसंबते. परतल्यावर त्याच्या वेदनेची साक्ष मात्र कोनमापकाकडून मागते. मोजमाप हवेच, कारण सार्वजनिक पैसा पुराव्याविना वाटता येत नाही. परंतु कोनमापक तपासणीच्या खोलीतील काही मिनिटे मोजतो आणि दुखरा खांदा रात्रंदिवस सैनिकाबरोबर राहतो. हे अंतर कमी करण्याची जबाबदारी सैनिकाची की विभागाची, यावर या व्यवस्थेची विश्वासार्हता अवलंबून राहील.