विश्लेषण : टॉवरच्या आवारात गिरणीची चिमणी उभी राहिली, म्हणजे वारसा वाचला?

लोअर परळला सेनापती बापट मार्गावर, पूर्वीच्या फिनिक्स मिलच्या जागेत आज मॉल आहे, कार्यालये आहेत आणि ‘द सेंट रेजिस’ हे पंचतारांकित हॉटेलही आहे. या साऱ्याच्या गराड्यात गिरणीची चिमणी अजून उभी आहे. जुनी वास्तू नव्या व्यापारी संकुलात सामावून घेण्याचे हे मुंबईतले सर्वांत ओळखीचे उदाहरण. पण अशा संकुलात काय सामावले आणि काय गळाले, याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही.

चिमणीच का वाचते?

साधे उत्तर : ती जागा कमी खाते. गिरणीच्या बाकी इमारती आडव्या पसरलेल्या असत. साचाखात्याचे छत करवतीच्या दातांसारखे. त्यातल्या उत्तरेकडच्या काचांतून थेट ऊन न येता दिवसभर एकसारखा उजेड मिळे. कामगारांचे आयुष्य गेले ते या छताखाली. चिमणी म्हणजे बॉयलरचा धूर वर नेणारे विटांचे नळकांडे. पण विकासकाला एकमजली शेड म्हणजे वाया गेलेले चटईक्षेत्र वाटते आणि चिमणी म्हणजे आयते मानचिन्ह. तिच्याभोवती दिवे लावले, कारंजे केले की ‘वारसा’ तयार. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, याचा मागमूस त्या दिव्यांत लागत नाही.

नियमांनी काय केले?

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरवली. ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी ‘म्हाडा’ला आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणी पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून सुटली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने कौल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल उचलून धरला.

या वादात घरे आणि मैदाने गेली, याची चर्चा पुष्कळ झाली. पण जुनी शेड पाडणे हेच मालकाच्या फायद्याचे ठरले, याकडे तितकेसे लक्ष गेले नाही. मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून आहे. पहिल्या श्रेणीच्या वास्तूंना जवळपास हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत आतून बदल करून नवा वापर करता येतो. तिसरीत बरीच मोकळीक. म्हणजे जुन्याचा नवा वापर करायला कायद्याची आडकाठी नव्हती. अडचण होती ती जमिनीच्या भावाची.

तांत्रिक अडचणी खऱ्या की सबब?

काही खऱ्या आहेत. टॉवर म्हटला की दोन-तीन मजली तळघर आले, पार्किंगसाठी. त्याची खोदाई शंभर वर्षे जुन्या पायाशेजारी करायची तर तो पाया आधी खालून बळकट करावा लागतो, पायलिंगच्या हादऱ्यांवर रोज नजर ठेवावी लागते. चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या तर ओल आतच कोंडते आणि विटा झिजू लागतात. त्यासाठी चुनाच हवा आणि चुन्यात काम करणारा गवंडीही. लाकडी जिने आणि अग्निशमनाचे आजचे नियम यांचा मेळ घालणे हा तर वेगळाच व्याप. हे सारे खर्चिक आहे, अशक्य नाही. बर्लिनमध्ये सोनी सेंटर उभारताना जुन्या एस्प्लेनेड हॉटेलचे ‘कैसरझाल’ हे सुमारे १,३०० टनांचे दालन १९९६ मध्ये हवेच्या गाद्यांवर उचलून ७५ मीटर सरकवले गेले. दालन वाचले; ज्या जागेचे ते होते, ती जागा मात्र सुटली.

सिंगापूरने वेगळे काय केले?

बीच रोडवरची जुनी लष्करी छावणी. २००७ मध्ये सरकारने ती जमीन विकासासाठी दिली, तेव्हाच तिथल्या चार इमारती जतन करण्याची अट होती. त्यामुळे बोली लावणाऱ्याने त्या चार इमारती धरूनच गणित मांडले. फॉस्टर अँड पार्टनर्सच्या आराखड्यातून तिथे ‘साऊथ बीच’ उभे राहिले : कार्यालये आणि हॉटेल यांचे दोन टॉवर, खाली जुन्या इमारती आणि दोहोंना जोडणारे लाटेसारखे छत. सगळेच आदर्श आहे असे नाही. सैनिकी क्लबात पुढे हॉटेलचे रेस्तराँ-बार सुरू झाले, म्हणजे खिशात पैसे असतील तरच आत. तरीही इमारती पूर्ण आकारात आपल्या जागी आहेत.

आपल्याकडे त्याच सुमारास, २००५ मध्ये, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबई टेक्स्टाईल मिलची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली. विकणारे सरकारी महामंडळच होते. गाजला तो आकडा.

मग मागायचे काय?

पुनर्विकासाची परवानगी देतानाच काही गोष्टी लिहून घ्याव्यात. पाडण्याआधी गिरणीचे मोजमापांसह नकाशे आणि छायाचित्रे तयार करून ती पालिकेकडे जमा व्हावीत. एकट्या चिमणीऐवजी तिला लागून शेडचा निदान एक भाग राहावा. तिथे ग्रंथालय चालेल, पाळणाघर चालेल, वस्तीतल्या पोरांची तालीम चालेल. काही विकत न घेता तिथवर जाता आले पाहिजे. गिरणीचे नाव, तिथे काय विणले जाई, किती माणसे किती पाळ्यांत राबत, हे मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. चिमणीच्या बांधकामाची ठरावीक काळाने तपासणी करण्याची जबाबदारी संकुलाच्या मालकावर कायम राहावी, इमारत कितीही वेळा विकली गेली तरी.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ मध्ये वस्त्रोद्योग संग्रहालयाचा पालिकेचा प्रकल्प अनेक वर्षे रेंगाळला आहे. तो व्हायलाच हवा. पण सगळ्या गिरणगावाची आठवण एका संग्रहालयात नेऊन ठेवायची आणि बाकीच्या आवारांना मोकळे रान द्यायचे, हा सौदा मान्य करण्याचे कारण नाही. महामंडळाच्या ताब्यात मुंबईत अजूनही गिरण्यांच्या जागा आहेत. तिथे अट घालायला विकासकाची मनधरणी करावी लागणार नाही. निविदेच्या मसुद्यात ती आधीच लिहिता येईल.