विश्लेषण : पेत्रार्कच्या पोथीतला समास का वाचायचा?

इटलीत मिलान येथील आम्ब्रोसियाना ग्रंथालयात एक लॅटिन हस्तलिखित आहे. मोबाइलवर त्याचे बहुधा एकच पान दिसते : सिमोने मार्तिनी या चित्रकाराने रंगवलेले मुखचित्र. पण या पोथीचे खरे मोल रंगांइतकेच तिच्या पानांवरील हस्ताक्षरात आहे.

पोथी कोणाची?

रोमन कवी व्हर्जिलची काव्ये आणि त्यांवरील सर्व्हियसचे भाष्य असलेली ही पोथी इटालियन कवी पेत्रार्क (१३०४-१३७४) याची. युरोपातील प्रबोधनाच्या आद्य प्रवर्तकांत त्याची गणना होते. १३२६ मध्ये ही पोथी चोरीला गेली आणि १३३८ मध्ये परत मिळाली. त्यानंतर पेत्रार्कने मार्तिनीकडून मुखचित्र करून घेतले.

चित्रात काय आहे?

हाती लेखणी घेतलेला व्हर्जिल झाडाखाली बसला आहे. त्याच्यापुढचा पडदा सर्व्हियस बाजूला सारतो आहे. सोबत भालाधारी वीर, वेल छाटणारा शेतकरी आणि मेंढीचे दूध काढणारा मेंढपाळ आहेत. हे तिघे म्हणजे ‘इनिड’, ‘जॉर्जिक्स’ आणि ‘एक्लॉग्ज’ या तीन काव्यांच्या खुणा. भाष्यकाराने पडदा सारला की कवी दिसतो, असे हे चित्र सुचवते.

पेत्रार्कने काय लिहिले?

पेत्रार्क आयुष्यभर या पोथीच्या समासात टिपणे करत राहिला. सुरुवातीच्या एका पानावर मात्र व्हर्जिलशी संबंध नसलेली नोंद आहे. त्याच्या कवितांची नायिका लॉरा ६ एप्रिल १३४८ रोजी वारली. त्या वर्षी युरोपात प्लेग थैमान घालत होता. ही नोंद त्याने मुद्दाम या पोथीत केली, कारण ती वारंवार नजरेसमोर येत असे. पुढे मित्रांचे आणि १३६१ मध्ये मुलाचे निधनही त्याने तिथेच नोंदवले.

मग मुद्दा काय?

नेपोलियनच्या फौजांनी १७९६ मध्ये ही पोथी पॅरिसला नेली. १८१५ मध्ये ती मिलानला परतली. लुटणाऱ्यांनाही तिची किंमत ठाऊक होती. पण किंमत कळणे वेगळे आणि पोथी वाचणे वेगळे. आज चित्राचा तुकडा कापून पुढे पाठवला जातो, तेव्हा पोथी शोभेची वस्तू ठरते आणि वाचणारा माणूस त्यातून गळून पडतो. म्हणून जुन्या पोथ्यांचे डिजिटायझेशन सुंदर पानांवर थांबू नये. प्रत्येक पान समासासह दिसायला हवे. समासातली टिपणे उलगडून, अनुवादासह द्यायला हवीत. त्याला खर्च आणि वेळ लागेल, हे खरे. पण प्रबोधन म्हणजे केवळ जुने ग्रंथ सजवणे नव्हते. ते जुन्या कवीशी रोज बोलणे होते. त्या संवादाचा पुरावा समासातच आहे.