जुना फोनोग्राफ: दुरुस्ती किती आणि कुठवर?



जुन्या वस्तूंबद्दल आपल्या घरांत साधारण दोनच मतं ऐकू येतात. एक, "मोडीत काढा, उगाच जागा अडते." दुसरं, "काहीही करा, पण चालू करा." माझं मत या दोन्हींहून वेगळं आहे. आमच्याकडच्या फोनोग्राफच्या निमित्ताने ते मांडते. दुरुस्ती जरूर करावी, पण जेवढं मोडलंय तेवढ्याचीच. आणि यंत्र दुरुस्त झालं म्हणून घरातलं सगळं त्यावर वाजवून पाहू नये.

आधी थोडी ओळख करून देते, कारण बऱ्याच जणी याला ग्रामोफोन समजतात. ग्रामोफोनवर सपाट तबकडी फिरते. फोनोग्राफवर मेणाचं नळकांडं फिरतं, साधारण पाण्याच्या छोट्या पेल्याएवढं. एडिसनने 1877 मध्ये पहिला फोनोग्राफ केला तेव्हा कथलाचा पातळ पत्रा वापरला होता, मेण नंतर आलं. आमचं यंत्र 'एडिसन स्टँडर्ड' जातीचं. हे मॉडेल 1898 मध्ये बाजारात आलं, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत 20 डॉलर होती. आमच्या घरी ते सासऱ्यांच्या आजोबांनी आणलं. कापडाच्या व्यापारासाठी त्यांचं मुंबईला जाणं-येणं असे.

मोडलं काय होतं? एक पातळ पोलादी पट्टी, बोटाच्या पेराएवढी. चावी दिल्यावर आतली मोठी स्प्रिंग उलगडते आणि यंत्र फिरतं. पण ते एका लयीत फिरावं म्हणून एक गव्हर्नर असतो. त्यात तीन पातळ पट्ट्या आणि प्रत्येकीवर एक छोटं वजन. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, पट्ट्या वाकतात आणि त्यांच्याबरोबर सरकणारी चकती ब्रेकला टेकते. म्हणजे कुकरच्या शिट्टीसारखंच, जास्त झालं की आपोआप आवरणारं. एक पट्टी तुटली की तोल जातो, वेग कमी-जास्त होतो आणि गाणाऱ्याचा आवाज कधी चिरका, कधी घोगरा येतो. तुटलेला तुकडा दात्यांत अडकला तर आणखी नुकसान.

बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने यावर उपाय सुचवला, "आतलं सगळं काढून टाका, विजेची मोटर बसवून देतो. वरून पितळ आणि लाकूड चकचकीत करून देतो." खर्चही त्याने कमीच सांगितला. पण मोटर बसवायची तर पेटीला भोकं पाडायची, आणि लाकूड घासलं की त्यावरची मूळ अक्षरं गेलीच. हे परत कधी उलटवता येत नाही. तीन पट्ट्यांच्या दुखण्यासाठी अख्खं यंत्र कशाला द्यायचं?

आम्ही अमेरिकेतल्या भाचीकडून पट्ट्यांचा संच मागवला. एकच तुटली होती तरी तिन्ही बदलल्या, कारण जुनी नि नवी पट्टी सारखी वाकत नाही. वजनं मूळचीच ठेवली. ओळखीच्या घड्याळजींनी काम केलं. त्यांनी आधी मोठ्या स्प्रिंगचा ताण पूर्ण उतरवला आणि मगच आत हात घातला. हे घरी कुणी करून पाहू नका, ती स्प्रिंग उसळली तर बोटं कापते. यंत्र फिरवणारा पट्टा या जातीत मुळात चामड्याचा असतो. आमच्या यंत्रातला केव्हाच कुजून गेला होता. त्या जागी सुती विणीचा पट्टा घातला, आपल्या घरात चामडं नकोच होतं. बाकी शिवणयंत्राचं तेल दोन थेंब. मिनिटाला 160 फेरे हा नेहमीचा वेग. मोबाइलवर संथ चित्रीकरण करून फेरे मोजले आणि स्क्रू फिरवून तो जुळवला. तुटलेली पट्टी पाकिटात घालून, वर तारीख लिहून पेटीतच ठेवली आहे.

इथवर घरात सगळे खूश. खरा वाद पुढे सुरू झाला.

आमच्याकडे अकरा नळकांडी आहेत. त्यांतली दहा काळी, कारखान्यातून आलेली. अकरावं तपकिरी आणि मऊ मेणाचं. त्या काळी अशा कोऱ्या मेणावर घरीच आवाज भरता येत असे. त्यावर सासऱ्यांच्या आजींच्या आवाजातलं एक स्तोत्र आहे असं घरात सांगत आले आहेत. आज हयात असलेल्या कुणीच ते ऐकलेलं नाही. पुतण्याचं म्हणणं, "काकू, यंत्र चालू झालंय, येत्या दशलक्षणात सगळे जमतील तेव्हा लावू या."

मी नाही म्हटलं, आणि त्यामुळे घरात नाराजी आहे. पण मी बी.कॉम. आहे, घसारा कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. यंत्राचा घसारा भरून काढता येतो, पट्टी तुटली तर दुसरी मिळते. मेणावरच्या रेषेचा घसारा भरून निघत नाही. या रेषेत आवाज खोलीच्या चढउतारात कोरलेला असतो, आणि काळ्या कडक नळकांड्यांसाठी केलेली डबी तिच्या नीलमण्याच्या टोकासह तपकिरी मेणाला जड पडते. ती दरवेळी थोडा आवाज खरवडून नेते. शंभर वर्षं राहिलेला आवाज चार वेळा टाळ्या मिळवून संपावा, हे मला पटत नाही.

मग कधीच ऐकायचा नाही का? ऐकायचा, पण आधी त्याची नीट नक्कल करून घ्यायची. जुन्या नळकांड्यांसाठी हलक्या सुईची वेगळी यंत्रं असतात. अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत तर रेषेला न शिवता, केवळ प्रकाशाने तिचं चित्र घेऊन संगणकावर आवाज उभा करण्याची पद्धत तयार झाली आहे. सांता बार्बराच्या विद्यापीठाने दहा हजारांहून जास्त नळकांड्यांच्या नकला कुणालाही फुकट ऐकता येतील अशा ठेवल्या आहेत. त्यासाठी खर्च येईल, वर्ष-दोन वर्षं जातील. लग्नाच्या मांडवावर आपण एका दिवसात किती घालवतो, ते आठवलं की हा खर्च मला मोठा वाटत नाही.

तोवर ज्यांच्याकडे अशी नळकांडी असतील त्यांनी एवढं पाळावं. मेणाला वरून बोट लावू नये, आतून दोन बोटं फाकवून उचलावं. उन्हापासून आणि ओलीपासून लांब ठेवावं. बुरशी हे मेण खाते आणि तिचे पांढरे डाग जात नाहीत. बुरशी धरूच नये म्हणून पावसाळ्याआधी डबे कोरडे करण्याची सवय आपल्याला आहेच, तीच इथे कामी येईल.

काही जणी म्हणतील, हा वस्तूचा मोह झाला. मला तसं वाटत नाही. आवाजाची नक्कल सगळ्या भावंडांकडे पोचली की हे यंत्र एखाद्या वस्तुसंग्रहालयाला देऊन टाकायची माझी आजही तयारी आहे. नक्कल होईपर्यंत मात्र ते तपकिरी नळकांडं माझ्या कपाटातच राहील.