‘उन्माद’ म्हणण्यापूर्वी

तरुण मुलगी. आठवड्यापूर्वी थोडा ज्वर, शिरःशूल. मग निद्रानाश, भय, असंबद्ध बडबड, पुढे आक्षेप आणि मुखाच्या विचित्र हालचाली. घरच्यांना ती बाधा वाटते, आपल्याला उन्माद. चरकाचार्यांच्या पाच उन्मादांत आगंतु उन्माद आहेच. परंतु नाव उच्चारले की निदान संपले, ही आपल्या व्यवसायातील सवय मला घातक वाटते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डॉ. जोसेप डालमाऊ व सहकाऱ्यांनी २००७ साली अशा १२ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूतील ‘एनएमडीए रिसेप्टर’विरुद्ध प्रतिपिंडे सर्वांत आढळली. अकराजणींच्या बीजकोशात टेराटोमा ही गाठ होती, एकीच्या छातीत. तपासलेल्या गाठींत चेतातंतूंची ऊती होती आणि तिच्यावर तोच रिसेप्टर! शरीर गाठीविरुद्ध उभे राहते आणि घाव मेंदूवर बसतो. गाठ काढून प्रतिकारशक्तीवर उपचार केलेल्या नऊपैकी आठजणी सुधारल्या. गाठ न काढलेल्या तिघींपैकी दोघी दगावल्या.

अर्थात प्रत्येक रुग्णात गाठ सापडत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात ती ३८ टक्क्यांत होती. रुग्णांत बालके व पुरुषही होते. म्हणून सोनोग्राफी निर्दोष आली, एमआरआय स्वच्छ आला, एवढ्याने व्याधी नाकारता येत नाही. मस्तिष्कजलातील प्रतिपिंडांची तपासणी हवी, आणि ती मज्जाविकारतज्ज्ञाच्या रुग्णालयातच होणार. उपचार लवकर सुरू झाल्यास फलश्रुती चांगली, हेही त्याच अभ्यासातून दिसले.

अशा वेळी ब्राह्मीघृत व सर्पगंधावटी देऊन ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणणे मला मान्य नाही. या व्याधीत रक्तदाब, नाडी व श्वसन आधीच अस्थिर असतात; तेथे सर्पगंधा देणे धोक्याचे. औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती : चिठ्ठीवाचून झोपेची गोळी देऊ नये, आणि नातेवाईक वारंवार तीच मागू लागले तर रुग्णाची चौकशी करावी.

मग आपले काम काय? पाठवणीपत्रात ज्वराचा दिनांक, वर्तनबदलाचा पहिला दिवस व दिलेली सर्व औषधे लिहावीत. रुग्णालयातून परतल्यावर निद्रा, आहार व स्मृती पूर्ववत होण्यास महिने लागतात. तेथे आपल्याला वाव आहे. मात्र गुडूची, अश्वगंधादि रसायने ‘प्रतिकारशक्ती वाढावी’ म्हणून आपल्या मनाने सुरू करू नयेत. येथे तीच शक्ती उलटलेली असते. दोन वर्षांत सुमारे १२ टक्के रुग्णांत व्याधी पुन्हा उद्भवल्याची नोंद आहे, तेव्हा झोप बिघडली वा बोलणे बदलले तर त्याच दिवशी तज्ज्ञांना कळवावे.