कुर्बानीची खाल पुढे जाते कुठे?

बकरी ईदच्या दिवशी गोश्ताचे हिस्से होतात, नातेवाईकांकडे आणि गरजूंकडे पोहोचतात. मागे राहते ती खाल. मदरशाचा माणूस येऊन ती घेऊन जातो आणि आपल्या लेखी विषय संपतो. ती विकून पैसे स्वतःसाठी ठेवायचे नाहीत, कसायाची मजुरी म्हणूनही द्यायची नाही, हे आपण कटाक्षाने पाळतो. पुढे तिचे काय होते, हे मात्र क्वचितच विचारतो.

ताजे कातडे काही तासांतच सडू लागते, म्हणून त्याला भरपूर मीठ लावतात. टॅनरीत हे मीठ धुतले जाते. पाण्यात विरघळलेले मीठ साध्या शुद्धीकरणाने निघत नाही. ते नदीत आणि विहिरीत उतरते. त्यानंतर बहुतेक कातडी क्रोमच्या क्षारांनी कमावतात. काम लवकर होते, चामडे मऊ होते. पण क्रोम असलेले सांडपाणी आणि गाळ तसाच सोडला, तर जमीन व पाणी नासते.

तमिळनाडूत पालार नदीच्या खोऱ्यातील वाणियमबाडी, आंबूर, राणीपेट ही टॅनऱ्यांची गावे. तेथे कित्येक कारखानदार आणि कामगार मुस्लिमच आहेत. या पट्ट्यातील सुमारे 35,000 हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः नापीक झाल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या निकालात केली. प्रदूषण करणाऱ्यानेच नुकसान भरून द्यावे, असेही बजावले.

उपाय आहेत. कातडे भिजवण्यापूर्वी कोरडे मीठ झटकून वेगळे करता येते. वापरलेला क्रोम परत मिळवता येतो. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावण्याची जुनी रीत आहे. महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांच्या या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या पद्धतीला वेळ जास्त लागतो, पाणी हिलाही लागतेच. पण क्रोम लागत नाही.

खरी अडचण माग ठेवण्याची आहे. शेकडो कातडी एका ढिगात पडली, केस निघाले, की कोणते कुठले हे कळत नाही. त्यामुळे नोंद पहिल्या हातापासूनच व्हायला हवी.

म्हणून या ईदला एवढे करा. सोलताना कातड्याला सुरीचे घाव पडू देऊ नका. फाटलेले कातडे कवडीमोल ठरते. ते प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, उन्हात टाकू नका. सावलीत पसरून ठेवा आणि लवकर पोहोचवा. उशीर होणार असेल, तर मांसाच्या बाजूने मीठ लावा. मदरशाच्या जबाबदार मंडळींना अदबीने विचारा: कातडी कोणत्या व्यापाऱ्याकडे जातात? तो कोणत्या टॅनरीला देतो? तेथे सांडपाण्यावर प्रक्रिया होते का? तारीख, मोहल्ला आणि संख्या एका वहीत लिहायला सांगा. मोहल्ल्यातील दहा घरांनी हेच विचारले, तर व्यापाऱ्यालाही उत्तर तयार ठेवावे लागेल.

दान दिलेल्या वस्तूमुळे दुसऱ्या गावातल्या माऊलीच्या विहिरीचे पाणी खारट होऊ नये, एवढी काळजी आपल्या हातात आहे.