रात्री दहानंतरचा डबा

मुंबईहून वाराणसीला जाणारी महानगरी एक्स्प्रेस मध्यरात्रीनंतर सुटते आणि सुमारे २८ तासांनी, दुसऱ्या दिवशी पहाटे पोहोचते. म्हणजे दोन रात्री डब्यात. अस्थिविसर्जनाला, काशीयात्रेला निघालेली आपल्याकडची वयस्कर माणसे या गाडीने जातात. उतरल्यावर त्यांना घाट गाठायचा असतो. डोळ्याला डोळा लागलेला नसेल तर तिथल्या पायऱ्या उतरणेही जिवावर येते. आणि डोळा लागत नाही. समोरच्या बर्थवर रात्री एक वाजता कुणाच्या तरी मोबाइलवर रील चालू असते, गाण्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. पलीकडे चौघे पत्ते कुटत असतात. आजीबाई शाल कानावर ओढतात, कूस बदलतात. बोलत मात्र नाहीत.

त्या का बोलत नाहीत, हे रेल्वेने समजून घ्यायला हवे. नियम आहे. रात्री दहानंतर मोठ्याने बोलू नये, इअरफोनशिवाय गाणी लावू नयेत, असे रेल्वेने जानेवारी २०२२ मध्येच बजावले. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४५ मध्ये उपद्रव देणाऱ्याला गाडीतून उतरवण्याची तरतूद आहे. १३९ वर किंवा ‘रेल मदद’वर तक्रार करता येते. पण तक्रारीसोबत पीएनआर द्यावा लागतो, त्यामुळे कर्मचारी येतो तो थेट तक्रारदाराच्या बर्थपाशी. ‘कंप्लेंट कुणी केली?’ असे सगळ्यांदेखत विचारून, दोन शब्द सुनावून तो निघून जातो. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तो मात्र वाराणसीपर्यंत समोरच बसलेला! एकट्या बाईमाणसाने हा वाईटपणा कुणाच्या भरवशावर घ्यायचा? ‘समजुतीने सांगून बघा’ हा सल्ला देणाऱ्याला त्या बर्थवर रात्र काढायची नसते.

मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा लावता येतो. त्यावरून वाद झालाच तर पटकन मिटतो, कारण तो नियम डब्यात बहुतेकांना ठाऊक असतो. आवाजाचा नियमही असाच अंगवळणी पडायचा तर तो रेल्वेच्या माणसाने, कुणी तक्रार करण्याआधी सांगायला हवा. दहा वाजता टीटीईने, एसी डब्यात अटेंडंटने एक फेरी मारावी, दिवे मालवायला लावावेत, फोनचे आवाज बंद करवावेत. महानगरीसारख्या उशिरा सुटणाऱ्या गाडीत हे काम तिकिटे तपासतानाच उरकावे. आणि तक्रारीवरून यावे लागले, तरी बर्थ नंबर न पुकारता आजूबाजूच्या सगळ्यांना सारखेच सांगावे. तक्रार कुणाची, हे पोटात ठेवणे हा त्याच्या नोकरीचाच भाग आहे.